एका संगणकात अनेक संगणक : आभासी यंत्राची उभारणी आणि परीक्षा

वस्तू महागडी आणि एकच असली व शिकणारे अनेक असले, की ती वस्तू बहुधा कुलपात राहते. बिघडेल या धास्तीने तिला हात लावू दिला जात नाही. आणि हात लावल्यावाचून विद्या येत नाही. संगणकाच्या बाबतीत या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे ‘आभासी यंत्र’, अर्थात व्हर्च्युअल मशीन. खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर उभा केलेला हा दुसरा संगणक होय. खऱ्याला ‘यजमान’ व आतल्याला ‘पाहुणा’ म्हणतात.

या कल्पनेचा उगमही अशाच टंचाईत आहे. १९६०च्या दशकात संगणक अत्यंत महाग होते आणि एकाच यंत्रावर अनेकांना काम करावे लागे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात १९६४च्या अखेरीस रॉबर्ट क्रीझी व सहकाऱ्यांनी ‘सीपी-४०’ या प्रणालीचे काम हाती घेतले. १९६७ साली वापरात आलेल्या या प्रणालीने एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे चालविली. प्रत्येक वापरकर्त्याला जणू स्वतंत्र संगणक लाभला. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या वैयक्तिक संगणकावर आणले. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

उभारणीचा क्रम सोपा आहे. प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू आहे ना, ते पाहावे. इंटेलमध्ये तिला ‘व्हीटी-एक्स’, तर एएमडीमध्ये ‘एएमडी-व्ही’ म्हणतात. नंतर व्हर्च्युअलबॉक्स बसवावे आणि डेबियन लिनक्सची आयएसओ फाईल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. यजमानाकडे ८ जीबी रॅम असल्यास पाहुण्याला २ जीबी पुरे. यजमानाला उपाशी ठेवून पाहुणचार करू नये. आभासी डिस्क २० जीबीची, गरजेनुसार वाढणारी ठेवावी आणि नेटवर्क ‘नॅट’ या प्रकारचे निवडावे. मग आयएसओ जोडून यंत्र सुरू केले, की नेहमीप्रमाणेच प्रणाली बसविता येते.

पडद्यावर चित्र उमटले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्रासाठी तीन कसोट्या मांडल्या. आपली परीक्षाही त्यांच्याच आधारे घ्यावी.

पहिली कसोटी समानतेची : पाहुणा खऱ्या संगणकासारखा वागतो का? इंटरनेट चालते का, नवे सॉफ्टवेअर बसते का, बंद करून पुन्हा सुरू केल्यावर साठवलेली फाईल जागेवर असते का, हे तपासून वहीत नोंदवावे.

दुसरी कार्यक्षमतेची : बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. यंत्र फारच रेंगाळत असेल, तर आभासीकरणाची सोय बंद आहे की रॅम अपुरी आहे, याचा शोध घ्यावा.

तिसरी नियंत्रणाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची : पाहुण्याने नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. यासाठी ‘सामायिक फोल्डर’ बंद ठेवावा, कारण तो दोघांमधील उघडा दरवाजाच असतो. पाहुणा बंद करून त्याचा ‘स्नॅपशॉट’, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्यावा. मग पाहुणा सुरू करून, आपण पाहुण्याच्याच खिडकीत आहोत याची दोनदा खात्री करून, त्यातील ‘ईटीसी’ हे व्यवस्थेच्या नोंदींचे फोल्डर मुद्दाम पुसून टाकावे. पुन्हा चालू करताना पाहुणा कोलमडेल. यजमान मात्र जसाच्या तसा राहील. स्नॅपशॉट परत आणताच पाहुणाही पूर्ववत उभा राहील. तथापि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. ती डिस्कच गेली तर तोही जातो. म्हणून महत्त्वाच्या कामाची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावीच.

ज्या घरात एकच संगणक आहे आणि तो बिघडल्यास दुसरा घेण्याची ऐपत नाही, तेथील मुलाला या प्रयोगाचे मोल अधिक आहे. सधन घरचे मूल यंत्र बिघडवूनही शिकते. तेच स्वातंत्र्य आभासी यंत्र आपल्या मुलांना देते. पालकांनी आणि नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मुलांना ‘हात लावू नको’ म्हणण्याऐवजी असे एक यंत्र उभारून द्यावे आणि ते निर्धास्तपणे मोडून पुन्हा उभे करू द्यावे.