झोटवाड्याचे तीन आमदार आणि शहराची सूत्रे

जयपूरमधील झोटवाडा विधानसभा मतदारसंघाने २०१३ पासून तीन भिन्न पार्श्वभूमीचे आमदार निवडले. २०१३ चे विजेते राजपालसिंह शेखावत राज्याचे नगरविकास मंत्री झाले. २०१८ मध्ये निवडून आलेले लालचंद कटारिया पूर्वी जयपूर ग्रामीणचे खासदार व केंद्रात राज्यमंत्री होते. राज्यात त्यांच्याकडे कृषी खाते आले. २०२३ मध्ये विजयी झालेले राज्यवर्धनसिंह राठोड म्हणजे लष्करातील निवृत्त कर्नल व अथेन्स ऑलिंपिकमधील (२००४) रौप्यपदक विजेते नेमबाज.

परीक्षार्थींनी मात्र व्यक्तीपेक्षा खात्याकडे अधिक लक्ष द्यावे. १९८२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जयपूर विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद नगरविकास मंत्र्याकडे असते. म्हणजे या तिघांपैकी शहराच्या विस्ताराची, मोठ्या रस्त्यांची सूत्रे पदसिद्ध अधिकाराने केवळ शेखावत यांच्या हाती आली.

मग निर्वाचित महापालिकेचे काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा असे १८ विषय नमूद केले. परंतु ते प्रत्यक्ष सोपविणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले. त्यामुळे वॉर्डातला नगरसेवक कितीही अनुभवी असला, तरी मोठ्या रस्त्यासाठी त्याला प्राधिकरणाचेच दार ठोठवावे लागते.