कल्चर रिपोर्टमधले जंतू आणि त्यांची लपलेली जनुके

लघवीच्या कल्चर रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ किंवा ‘क्लेबसिएला’ हे नाव आपल्यापैकी अनेक भगिनींनी वाचले असेल. टायफॉइडचा ‘साल्मोनेला’ हा त्यांचाच भाऊबंद. या जंतूंची आपसांत तुलना करून शास्त्रज्ञांनी एक लपलेली यंत्रणा शोधली.

ई. कोलायचा संपूर्ण डीएनए १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४६ लाख अक्षरे आणि चार हजारांहून अधिक जनुके. बहुतेक जनुके म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरावीक खूण असते, म्हणून संगणक ती ओळखतो. पण काही जनुकांपासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो आरएनएचा छोटा तुकडा, आणि तोच दुसऱ्या जनुकांचे काम थांबवतो किंवा वाढवतो. त्याला तशी खूण नसते. त्यामुळे संगणकाला ती जागा रिकामी दिसली.

मग ती ओळखायची कशी? एकच ओवी तीन गावांत म्हटली जाते तेव्हा शब्द बदलत जातात. पण जिथे शब्द बदलला की चाल मोडते, तिथे तो तसाच राहतो. जंतूंचेही तसेच. दोन जनुकांमधल्या जागेतली अक्षरे कोट्यवधी वर्षांत बदलत गेली. भाऊबंद जंतूंमध्ये जिथे ती बदलली नाहीत, तिथे काहीतरी कामाचे असणार.

२००१ मध्ये अमेरिकेत कॅरेन वासरमन, गिसेला स्टॉर्झ व सुसान गॉटेसमन यांच्या गटाने आणि जेरुसलेममध्ये शोशी अल्तुविया व हाना मार्गालित यांच्या गटाने असा शोध घेतला. (पाचही स्त्रिया, हे मुद्दाम सांगते.) संगणकाच्या अंदाजावर न थांबता जंतूंतून आरएनए काढून तपासला. अमेरिकी गटाला २३ नवे तुकडे मिळाले. त्यांतले ६ छोटी प्रथिने बनवणारे वाटले, १७ खरे नियंत्रक.

त्यातला एक ‘आर-वाय-एच-बी’, जेमतेम ९० अक्षरांचा. लोह कमी पडले की तो लोह वापरणारी, पण त्या वेळी नडीची नसलेली प्रथिने बनू देत नाही. तंगीत आपण आधी वरखर्च बंद करतो, तसेच. संसर्ग झाला की आपले शरीर जंतूंपासून लोह लपवते. त्या उपासमारीला जंतूचे हे एक उत्तर. यावरून कुणी रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नयेत. ताप असेल तर डॉक्टरांना विचारावे.

या पद्धतीत एक उणीव आहे. जो तुकडा एकाच जंतूत आहे, त्याची तुलना कशाशी करणार? असे तुकडे निसटतात. त्यासाठी आता जंतूतला सगळा आरएनए थेट वाचतात.