इंग्रजी सर्वनामांची विभक्तिरूपे : मराठीच्या वाटेने ओळख

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत आल्यावर इंग्रजी मुळाक्षरे गिरविली होती, त्यांच्यावरच ही भाषा लहान मुलांना शिकविण्याची जबाबदारी आली. राज्यकारभाराची भाषा मराठी असली, तरी उच्च न्यायालयातील कामकाज आणि परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार यांसाठी कार्यालयांनाही इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. अशा लेखनात सर्वनामाचे एखादे रूप चुकले, तर कोणी कोणाला काय सांगितले याचाच घोटाळा होतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विभक्ती कोठे गेली ?

मराठीत नाम व सर्वनाम या दोहोंनाही विभक्तीचे प्रत्यय लागतात. ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ या रूपांवरून शब्दाचे वाक्यातील कार्य कळते. प्राचीन इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. कालांतराने ते झिजून गेले आणि कार्य दाखविण्याचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. जुन्या व्यवस्थेचे अवशेष मुख्यत्वे सर्वनामांतच टिकून राहिले.

ही रूपे तीन प्रकारची आहेत. कर्त्याची रूपे : आय, ही, शी, वुई, दे, हू. कर्माची रूपे : मी, हिम, हर, अस, देम, हूम. स्वामित्वाची रूपे : माय, हिज, हर, अवर, देअर, हूज. ‘यू’ आणि ‘इट’ ही सर्वनामे कर्त्याच्या व कर्माच्या ठिकाणी सारखीच राहतात.

मराठी व्याकरणाच्या परंपरागत तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय जवळजवळ सारखेच आहेत. ‘त्याला बोलावले’ आणि ‘त्याला पुस्तक दिले’ या दोन्ही वाक्यांत ‘त्याला’ हेच रूप येते. इंग्रजीतही असेच घडले आहे. ‘हिम’ हे मुळात चतुर्थीचे रूप. पुढे त्यानेच द्वितीयेची जागाही घेतली. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ यांच्या शेवटी येणारा ‘म’ ही त्या जुन्या चतुर्थीची खूण होय. ही खूण विद्यार्थ्यांना दाखवून दिल्यास तिन्ही रूपे एकत्र लक्षात राहतात.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण

पहिली अडचण उच्चाराची आहे. इंग्रजीतील ‘मी’ हा शब्द कानाला मराठी ‘मी’सारखाच लागतो, परंतु मराठी ‘मी’ कर्ता आहे, तर इंग्रजी ‘मी’ कर्म. आरंभीच हा भेद स्पष्ट न केल्यास मूल ‘मी गो टू स्कूल’ असे सहज म्हणून जाते. त्यात मुलाचा आळस नसून मातृभाषेची सवय असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला भूक लागली आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत मराठी ‘मला’ वापरते. इंग्रजीत मात्र या तिन्ही ठिकाणी कर्त्याचे रूप येते : ‘आय लाइक मँगोज’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. त्याचप्रमाणे ‘त्याने पत्र लिहिले’ या कर्मणी प्रयोगातील ‘त्याने’ इंग्रजीत केवळ ‘ही’ होतो. ‘मला’ म्हणजे ‘मी’ आणि ‘त्याला’ म्हणजे ‘हिम’ असे समीकरण पाठ करून घेतल्यास अशा वाक्यांत चूक अटळ ठरते. विभक्तीला विभक्ती न जोडता, इंग्रजी वाक्यातील क्रियापदाचा कर्ता कोणता, हे आधी शोधावयास हवे.

तिसरी गोष्ट आदरार्थी बहुवचनाची. ‘अध्यक्ष आले, ते बोलले’ येथील ‘ते’ एकाच व्यक्तीसाठी आहे. इंग्रजीत त्याचे ‘दे’ न होता पुरुष असल्यास ‘ही’ होते. अध्यक्षपदी महिला असल्यास ‘शी’. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद इंग्रजी ‘वुई’ दाखवीत नाही. ऐकणारा त्यात समाविष्ट आहे की नाही, हे ठरावाच्या भाषांतरात वेगळे लिहावे लागते.

तीन कसोट्या

पहिली कसोटी जोडनावांची. ‘कलेक्टरांनी सरपंचांना व मला बोलावले’ याचे भाषांतर करताना ‘द सरपंच अँड आय’ लिहावे की ‘द सरपंच अँड मी’ ? सरपंचांचे नाव क्षणभर बाजूला ठेवावे. ‘द कलेक्टर कॉल्ड आय’ असे होत नाही. ‘कॉल्ड मी’ असेच होते. म्हणून ‘द सरपंच अँड मी’ हेच योग्य. ‘आय’ अधिक सभ्य वाटते म्हणून अनेक सुशिक्षितही ‘बिट्वीन यू अँड आय’ लिहितात. परंतु ‘बिट्वीन’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘टू’ यांसारख्या नामापूर्वी येणाऱ्या संबंधदर्शक शब्दांनंतर कर्माचेच रूप येते : ‘बिट्वीन यू अँड मी’.

दुसरी कसोटी ‘हू’ आणि ‘हूम’ यांची. प्रश्नाचे उत्तर ‘ही’ने देता आले तर ‘हू’, ‘हिम’ने देता आले तर ‘हूम’. ‘हू साइन्ड द लेटर ?’ याचे उत्तर ‘ही साइन्ड इट’. ‘हूम डिड द कमिटी अपॉइंट ?’ याचे उत्तर ‘द कमिटी अपॉइंटेड हिम’. बोलण्यात आज दोन्ही ठिकाणी ‘हू’ चालते. औपचारिक लेखनात भेद पाळणे इष्ट.

तिसरी कसोटी तुलनेची. ‘द मेंबर्स ट्रस्ट यू मोर दॅन मी’ याचा काटेकोर अर्थ, सदस्यांचा माझ्यापेक्षा तुमच्यावर अधिक विश्वास आहे. तेथे ‘दॅन आय’ लिहिले, तर तुमच्यावर मी ठेवतो त्याहून अधिक विश्वास सदस्य ठेवतात, असा अर्थ निघतो. संदेह टाळण्यासाठी ‘दॅन दे ट्रस्ट मी’ किंवा ‘दॅन आय डू’ असे वाक्य पूर्ण करावे.

स्वामित्व आणि जबाबदारी

‘त्याचा मुलगा’, ‘त्याची मुलगी’, ‘त्याचे घर’ यांत मराठी सर्वनाम पुढील नामाप्रमाणे बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘हिज’ कायम राहते. ते फक्त मालकाकडे पाहते. येथेच कार्यालयीन लेखनातील मोठा धोका आहे. ‘सरपंचाने आपली सही राहिल्याचे ग्रामसेवकाला सांगितले’ आणि ‘सरपंचाने ग्रामसेवकाला त्याची सही राहिल्याचे सांगितले’ या दोन वाक्यांतील भेद मराठी वाचकाच्या ध्यानात येतो. दोघेही पुरुष असतील, तर इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘हिज सिग्नेचर’ येईल, आणि सही नेमकी कोणाची राहिली हे त्यावरून ठरणार नाही. अशा वेळी सर्वनाम सोडून पदनामच पुन्हा लिहावे : ‘द ग्रामसेवक्स सिग्नेचर’. पुनरुक्ती झाली तरी चालेल. संदिग्धता चालणार नाही.

वर्गात हा विषय शिकविताना तक्ता शेवटी द्यावा. प्रथम मुलांच्याच तोंडची मराठी वाक्ये फळ्यावर घ्यावीत, त्यांचा इंग्रजीतील कर्ता मुलांकडूनच शोधून घ्यावा आणि मग रूप सांगावे. ‘मला’चे ‘आय’ का झाले, हे ज्या मुलाला एकदा उमगले, त्याला तक्ता पाठ करण्याचे श्रम फारसे उरत नाहीत.