बोगद्यांतील यंत्रें आणि त्यांचा मिस्त्री

कसाऱ्याहून घाट चढतांना आगगाडीस मागून इंजिनें लावतात, हें इगतपुरीच्या मुलांस सांगावयास नको. त्या थळ घाटांत दर ३७ फुटांस एक फूट चढ आहे. तो लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. त्याचे बोगदे पहार, सुरुंगाची दारू आणि मजुरांचे हात यांच्या बळावर खोदले गेले. त्याच डोंगररांगेच्या पोटांतून समृद्धि महामार्गाचा सुमारें पावणेआठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा गेला आहे. इगतपुरी ते आमणे हा त्या महामार्गाचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. येथेंहि कातळ सुरुंगानेंच फोडला. परंतु छिद्रें पाडण्याचें व दगड भरण्याचें काम यंत्रांनीं केलें. अशीं यंत्रें चालतीं ठेवणारा मिस्त्री मात्र कोणास दिसत नाहीं.

बोगद्यांतील काम रहाटगाडग्यासारखें चालतें. छिद्रें पाडावयाचीं, दारू ठासावयाची, स्फोट करावयाचा, धूर जाऊं द्यावयाचा, दगड उचलावयाचा, उघड्या कातळास आधार द्यावयाचा. कीं पुन्हां छिद्रें. एक यंत्र अडलें कीं सारेंच खोळंबतें. मग सर्वजण मिस्त्र्याभोंवतीं जमून ‘किती वेळ?’ एवढेंच विचारतात.

उत्खनन-यंत्राची (एका फ्रेंच कंपनीच्या नांवावरून आपण त्यास ‘पोकलेन’च म्हणतों) सोंड तेलाच्या दाबानें हालते. बंद भांड्यांतील द्रवावरचा दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम पाठ्यपुस्तकांत आहेच. मोठ्या यंत्रांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरास ३५० किलोग्रॅमपर्यंत चढतो. दट्ट्याचा व्यास १२ सेंटिमीटर धरल्यास त्यावर सुमारें साडेएकोणचाळीस टन जोर येतो! मुलांनीं गणित करून पाहावें.

इंजिन बंद केलें म्हणजे हा दाब नाहींसा झाला, असें नवशिक्यास वाटतें. तसें नसतें. बकेट अधांतरीं असेल तर तिचें वजन तेलानेंच तोललेलें असतें; नळी सैल केली कीं ती खालीं येते, आणि खालीं कोण उभें आहे हें ती पाहात नाहीं. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम बकेट जमिनीवर टेकवितो, इंजिन बंद करून दांडे हालवून उरलासुरला दाब सोडतो, किल्ली स्वतःच्या खिशांत घालतो, आणि मगच पान्हा उचलतो. नळीस बारीक छिद्र पडल्यास तें हातानें चांचपूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावें. तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणी टोंचल्याएवढीच दिसते. परंतु तात्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगीं हातहि, गमवावा लागतो.

इगतपुरीचा पाऊस हा या धंद्याचा दुसरा शत्रु. टाकींत पाणी शिरलें कीं तेल दुधासारखें दिसूं लागतें, पंप झिजतो, भाग गंजतात. मिस्त्री म्हणजे मळकट मनुष्य, ही समजूत चुकीची आहे. झांकण उघडण्यापूर्वीं तें पुसून घेणाराच चांगला मिस्त्री.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पुढची विद्या जुन्या मिस्त्र्याच्या हाताखालीं, आणि पुष्कळशी कानांनीं, मिळते. पंपाचा सूर बदलला कीं तो दहा पावलांवरून ओळखतो. मुलास असें काम लावून देतांना पालकांनीं पगार अवश्य विचारावा. परंतु ‘बकेट टेकवीपर्यंत थांबा’ असें म्हणण्याची मुभा तेथें मिस्त्र्यास आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें.