गाडीचे वय आणि शर्यतीचा अधिकार

वाराणसीसमोर, गंगेच्या पूर्वतीरावर, रामनगरचा किल्ला उभा आहे. तेथील संग्रहालयात काशीनरेशांच्या पालख्या व शस्त्रे यांच्या जोडीला जुन्या अमेरिकन मोटारगाड्याही ठेवण्यात आल्या. अशी गाडी पाहताच प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तिच्या वयाचा. संग्रहालयात त्याचे उत्तर माहितीपुरते असते. परंतु गाडी शर्यतीत उतरवावयाची झाल्यास तिचे वयच तिचा अधिकार ठरविते. म्हणून वयाची ही अट कशी घातली जाते व तिचे परिणाम काय होतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

वयोमर्यादा दोन प्रकारची असते : स्थिर आणि सरकती. इंग्लंडमध्ये १९३४ साली बेताच्या ऐपतीच्या शौकिनांनी ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ स्थापन केला, तेव्हा गाडी निदान पाच वर्षांची असावी, एवढीच अट होती. ही मर्यादा सरकती होती. दरसाल आणखी एका वर्षाच्या गाड्या आपोआप पात्र ठरल्या असत्या. परंतु मंदीच्या काळात कारखाने स्वस्त व घाऊक उत्पादनाकडे वळले आणि गाड्यांचा कस उतरला, असे जाणकारांचे मत होते. तेव्हा १९३० ची अखेर ही कायमची सीमा मानण्यात आली. मात्र त्यानंतरच्या काही गाड्याही उत्तम होत्या. त्यांच्यासाठी पुढे निराळा, निवडक वर्ग करावा लागला.

स्थिर मर्यादेमुळे एका कालखंडाचे रूप शाबूत राहते. लंडन ते ब्रायटन या वार्षिक धावेत १ जानेवारी १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच स्थान असते. ही धाव शर्यत नव्हे. १८९६ च्या मूळ प्रवासाची ती स्मृती आहे. परंतु अशा मर्यादेत गाड्यांची नवी भर पडत नाही. मोडलेली प्रत्येक गाडी ही कायमची घट ठरते. मग निकामी झालेले भाग नव्याने घडवावे लागतात, आणि मूळ गाडी कोठे संपते व प्रतिकृती कोठे सुरू होते, हा वाद उभा राहतो. सरकत्या मर्यादेत भर पडत राहते. पण नंतरच्या वेगवान गाड्यांपुढे जुन्यांचा निभाव लागत नाही. यावर उपाय म्हणून वयानुसार वर्ग पाडतात, किंवा मंद गाडीला आधी सोडून वेगवान गाडीला मागाहून सोडतात.

वय मोजावयाचे कशावरून, हा त्याहून सूक्ष्म प्रश्न होय. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ऐतिहासिक शर्यतींच्या नियमांत गाडीचा काळ तिच्या बांधणीच्या तारखेपेक्षा तिच्या तांत्रिक रचनेवरून ठरतो. १९३० च्या गाडीत नंतरच्या काळातील रचना आणली, तर तिचा वर्ग बदलू शकतो. भारतात २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. ही मर्यादा सरकती आहे. सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट मात्र आहे. गाडी नित्य वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर नेता येते. सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून वेगाची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्यान्वये गुन्हा आहे.

यावरून आपल्याकडील परिस्थितीचा उलगडा होतो. शर्यतीत टिकण्यासाठी इंजिनाची ताकद वाढविली, तर नोंदणीचा हक्क धोक्यात येतो. गाडी मूळ रूपात जपली, तर वेग मर्यादित राहतो. त्यामुळे दिल्लीत १९६४ साली सुरू झालेल्या ‘स्टेट्समन’च्या मेळाव्यासारखे उपक्रम हेच जुन्या गाड्यांचे स्वाभाविक क्षेत्र ठरले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ चा जॉन मॉरिस अग्निशामक बंब अशा मेळाव्यांत धावलेला आहे; म्हणजे संग्रहालयातील वाहनाने कायम स्थिरच राहावे, असे नाही.

वयाचा नियम हा केवळ प्रवेशद्वारावरचा पहारेकरी नव्हे. कोणत्या गाडीची निगा राखली जाईल, कोणाला तिचे भाग घडविण्याची विद्या शिकावीशी वाटेल आणि कोणती गाडी भंगारात जाईल, हेही बऱ्याच अंशी तोच ठरवितो.