रक्तवाहिन्यांचे नकाशे

कयाधू पैनगंगेस कोठे मिळते, हे नकाशात एकदा पाहिले म्हणजे झाले. परंतु रक्तवाहिन्यांचा नकाशा माणसागणिक निराळा असतो. पुस्तकात प्रत्येक मूत्रपिंडास एकच धमनी दाखविलेली असते. प्रत्यक्षात सुमारे चारांतील एकास, निदान एका बाजूस, दोन किंवा अधिक असतात. हा रोग नव्हे. तथापि आई मुलास मूत्रपिंड देऊ लागली, तर ही जादा धमनी शस्त्रवैद्यास आधी ठाऊक असलीच पाहिजे. ती नकळत तुटली तर रक्तस्राव होईल; जोडावयाची राहिली तर मूत्रपिंडाचा तेवढा भाग मरेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडरोपण झाले, तेव्हा सी. टी. यंत्र निघालेले नव्हते.

क्ष-किरणांनी हाड उठून दिसते. रक्त व मांस मात्र सारखेच. म्हणून १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनथाल यांनी प्रेताच्या हातातील वाहिन्यांत खडूमिश्रित द्रव भरून छायाचित्र घेतले. त्यास ५७ मिनिटे लागली! पण जिवंत माणसास खडू कसा टोचावा? १९२७ साली लिस्बनच्या मोनिझ यांनी आयोडीनयुक्त द्रवाने जिवंत रुग्णाच्या मेंदूतील धमन्या दाखविल्या. आज सी. टी. यंत्र आयोडीनच्याच साह्याने हे काम काही सेकंदांत करते.

चित्रात आयोडीनची रेघ मध्येच बारीक झाली, तर तेथे वाहिनी अरुंद झाली असावी. फाटा भलत्या ठिकाणी फुटला, पण रेघ सारखी राहिली, तर ती बहुधा त्या देहाची जन्मजात ठेवण होय.