लेकरांचे प्रश्न आणि आपली उत्तरे

शास्त्रपाठ : उत्पत्ती १:२६-३१, २:७, स्तोत्र १३९:१३-१६, प्रेषितांची कृत्ये १७:२६

शब्बाथ शाळेत उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवायला घेतला की एखादे लेकरू हात वर करतेच. "देवाने आदामाला मातीपासून केले, मग शाळेतले गुरुजी माणूस माकडापासून झाला असे का सांगतात?" दुसरे विचारते, "काइनाची बायको कोठून आली?" तिसऱ्याला नोहाच्या तारवात डायनासोर होते की नाही हे हवे असते. अशा वेळी आपण हसण्यावारी नेतो, "मोठा झालास म्हणजे कळेल" म्हणतो, किंवा "देवाच्या गोष्टीत शंका घेऊ नये" असे दटावतो. लेकरू गप्प बसते.

परंतु गप्प बसणे म्हणजे समाधान पावणे नव्हे. तेच लेकरू पुढे विज्ञानाचे पुस्तक उघडते आणि मनाशी ठरवून टाकते की, विचार करायचा तो शाळेत, मंडळीत नुसते ऐकायचे. मग एके दिवशी ते ऐकायलाही येत नाही. म्हणून आम्ही शिक्षकांपुढे व आईबापांपुढे एकच नियम ठेवतो : लहान लेकराला द्यायचे उत्तर लहान असावे, पण मोठेपणी खोडून टाकावे लागेल असे नसावे.

१. आधी प्रश्न ऐकून घ्या

"मी कोठून आलो?" असे चार वर्षांचे लेकरू विचारते तेव्हा त्याला मानवजातीचा इतिहास नको असतो. कदाचित घरी नवे बाळ आलेले असते. "तुला काय वाटते?" असे उलट विचारावे, म्हणजे प्रश्न कोणता आहे ते कळते. लहानग्याला एक वाक्य पुरते. दहा वर्षांच्या मुलाला कारण हवे असते.

२. कोणी केले आणि कसे केले

स्तोत्र १३९ मध्ये भक्त म्हणतो की, आईच्या उदरात देवानेच आपली घडण केली. हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक होते की बाळ आईच्या पोटी नऊ महिने वाढते. ते वाढते कसे हे डॉक्टर सांगू शकतात. म्हणून देवाने घडवले हे खोटे ठरत नाही. लेकराला हेच सांगावे : "तुला देवाने केले, आणि तू आईच्या पोटात हळूहळू वाढलास. दोन्ही खरे." एवढे ज्याच्या मनात बसले, तो पुढे मानवजातीविषयी वाचताना घाबरणार नाही. कोणी व कशासाठी, हे शास्त्र सांगते. कसे व केव्हा, हे शोधण्याची बुद्धी त्याच देवाने दिली आहे.

३. माकडाचा प्रश्न

डार्विनचा पहिला मोठा ग्रंथ १८५९ साली निघाला, मानवाच्या उगमाविषयीचा १८७१ साली. आज झाडावर उड्या मारणाऱ्या माकडापासून माणूस झाला, असे विज्ञान म्हणत नाही. चुलतभाऊ एकमेकांपासून होत नाहीत, दोघांचा आजोबा एक असतो. तसे माणूस व चिंपांझी यांचे पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एक होते, असे ते म्हणते. आपल्यासारख्या माणसांचे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मोरोक्कोत मिळाले आहेत. आपल्याकडेही नर्मदेच्या काठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. हे लेकरांपासून लपवू नये.

सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच मानणारे बंधुभगिनी आपल्या मंडळ्यांत आहेत, दीर्घ काळ मानणारेही आहेत. हा प्रश्न विज्ञानाने प्रथम काढला असे मात्र नव्हे. सूर्य चौथ्या दिवशी, तर आधीचे तीन दिवस कसले, हा विचार ऑगस्टीनने (इ. स. ३५४-४३०) केलाच होता. आकाश-पृथ्वीविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने जाणत्या लोकांत शास्त्राचे हसे करू नये, अशी ताकीदही त्याने दिली. जुन्या इंग्रजी बायबलांच्या समासात दिसणारे इ. स. पूर्व ४००४ हे सालही शास्त्रातले नाही. आर्चबिशप अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेला तो हिशेब आहे.

४. काइनाची बायको आणि डायनासोर

आदामाला आणखी मुलगे व मुली झाल्या, असे उत्पत्ती ५:४ सांगते. काइनाच्या बायकोचे नाव वा घराणे शास्त्र सांगत नाही. तेवढेच सांगावे, पदरचे घालू नये. डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नाहीसे झाले, माणूस त्यानंतर फार काळाने आला. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे त्यांची दगड झालेली अंडी आहेत. वडोदऱ्याच्या शिक्षकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे.

५. प्रश्नामागचा प्रश्न

कित्येकदा मोठा प्रश्न मागे दडलेला असतो. शाळेत कोणी जात विचारलेली असते, रंगावरून चिडवलेले असते, आणि लेकरू घरी येऊन विचारते, "आपण कोणापासून झालो?" त्याला हाडांचे वय नको असते. आपण हलके आहोत काय, हे त्याला जाणायचे असते. येथे अडखळू नये. आदाम या नावाचा इब्री भाषेतील मातीच्या शब्दाशी संबंध आहे. तेव्हा उंच माती आणि नीच माती असा भेद उरत नाही. सर्व राष्ट्रे एकापासूनच झाली, हे पौलाने अथेनैकरांना सांगितले. विज्ञानही सर्व माणसांची एकच जात मानते; कोणत्याही दोन माणसांचा आनुवंशिक साठा सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. आणि देवाचे प्रतिरूप प्रत्येकात आहे. हे ऐकलेले लेकरू मान वर करून शाळेत जाईल.

६. "मला ठाऊक नाही"

हे म्हणण्यात कमीपणा नाही. ईयोबाला देवाने उत्तरांऐवजी प्रश्नच विचारले (ईयोब ३८). "ठाऊक नाही, आपण मिळून पाहू" असे म्हणून पुढच्या रविवारी खरोखर पाहून यावे. दिलेला शब्द पाळणारा शिक्षक लेकरांच्या ध्यानात राहतो.

विचारासाठी :

१. आपल्या वर्गात न विचारले गेलेले प्रश्न कोणते असतील?

२. "देवाला कोणी केले?" याला सहा वर्षांच्या लेकरासाठी एका वाक्यात उत्तर लिहा. तेच लेकरू सोळा वर्षांचे झाल्यावर ते टिकेल काय?

३. आपल्या मंडळीत तरुणांनी शंका बोलून दाखवावी, अशी जागा कोठे आहे?